रेडकॅप: डॉक्टर, लॅब आणि स्टॅटिस्टिशियन यांचा एकच तक्ता

एका केंद्रावरून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) १.१ येतं, दुसऱ्यावरून ९७. कॉलम एकच. खरं तर दोन्ही आकडे एकच आहेत: पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये, मधला गुणक ८८.४. फॉर्म बनवणाऱ्या डॉक्टरला एककाचा प्रश्न पडलाच नाही, कारण त्याच्या वॉर्डात ते एकच असतं. लॅबवाल्याला पडला असता, पण त्याला फॉर्म दाखवलाच नाही. स्टॅटिस्टिशियनला दीड वर्षाने पडतो, तेव्हा रुग्णांची अर्धी भरती होऊन गेलेली असते.

प्रयोगशाळेतला शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणाऱ्या संशोधनात, म्हणजे ट्रान्सलेशनल रिसर्चमध्ये, बिघाड होतो तो बहुतेक अशा सांध्यांवर. रेडकॅप हे सॉफ्टवेअर नेमकं त्या सांध्यावर बसतं. म्हणून त्याच्याकडे नुसतं डेटा एंट्रीचं साधन म्हणून न बघता, वेगवेगळ्या शाखांची माणसं त्याच्यावर एकत्र काम करू शकतात का, या अंगाने हा रिव्ह्यू.

आधी ओळख. रिसर्च इलेक्ट्रॉनिक डेटा कॅप्चर हे पूर्ण नाव. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पॉल हॅरिस यांच्या गटाने २००४ मध्ये ते सुरू केलं. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने ट्रान्सलेशनल संशोधनासाठी २००६ मध्ये सीटीएसए हा कार्यक्रम काढला, त्याच्या आधाराने ते इतर संस्थांत पसरलं. ना-नफा संस्थांना फुकट मिळतं, पण ओपन सोर्स नाही: संस्थेने व्हँडरबिल्टशी करार करायचा, आपल्या सर्व्हरवर बसवायचं (पीएचपी, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी, आणि दर मिनिटाला आपोआप चालणारं काम, म्हणजे क्रॉन जॉब), आपणच सांभाळायचं. एकट्यादुकट्या संशोधकाला परस्पर मिळत नाही. यातून एक गोष्ट आपसूक होते. 'रेडकॅप कसं आहे?' या प्रश्नाचं उत्तर अर्धं तुमच्या संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे असतं. कोणती आवृत्ती, कोणते एक्स्टर्नल मॉड्यूल (जोड-सुविधा) चालू, बदलांना मंजुरी एका दिवसात की तीन आठवड्यांत, हे सगळं जागोजागी वेगळं. खाली लिहिलेलं सगळीकडे लागू पडावं असं मूळ रचनेबद्दलच आहे.

रेडकॅपचा सगळ्यात मोलाचा भाग स्क्रीनवर दिसत नाही. तो म्हणजे डेटा डिक्शनरी, १८ कॉलमांची एक सीएसव्ही फाइल, ज्यात प्रत्येक ओळ म्हणजे फॉर्मवरचं एक फील्ड. बहुतेक गट ऑनलाइन डिझायनरमध्ये माउसने फील्ड ओढून फॉर्म बनवतात आणि ही फाइल कधी उघडतही नाहीत. इथेच गाडी घसरते. डिझायनरमध्ये एका वेळी एकच फील्ड दिसतं आणि ते एकच माणूस बघतो. डिक्शनरी मात्र छापून टेबलावर ठेवता येते आणि प्रत्येकाला आपापला कॉलम तपासायला सांगता येतो. प्रश्नाच्या शब्दांचा कॉलम रिसर्च नर्सने वाचावा, कारण रुग्णाला विचारणार ती. पर्याय आणि त्यांचे कोड हा कॉलम स्टॅटिस्टिशियनचा. व्हॅलिडेशन (उत्तर कोणत्या प्रकारचं असावं), किमान आणि कमाल हे तीन लॅबचे. 'आयडेंटिफायर' (या फील्डवरून रुग्णाची ओळख पटते का) हा कॉलम एथिक्स कमिटीशी बोलणाऱ्याचा. ब्रांचिंग लॉजिकचा, म्हणजे कोणता प्रश्न कधी दिसावा याच्या अटीचा, कॉलम डॉक्टरने स्वतः वाचावा, कारण गर्भधारणेचा प्रश्न कुणाला दिसणार हे त्या एका ओळीवर ठरतं. दीडशे फील्डच्या अभ्यासाला अशी बैठक दोन तास घेते आणि पुढचे काही महिने वाचवते.

क्रिएटिनिनवर इलाज तिथेच आहे. व्हेरिएबलच्या, म्हणजे फील्डच्या, नावातच एकक घालायचं. नावाला लहान लिपीतली रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. २६ अक्षरांच्या आत ठेवलं की स्टॅटिस्टिक्सची पॅकेजंही कुरकुर करत नाहीत. दोन केंद्रांची एककं वेगळीच असतील तर दोन फील्ड ठेवा आणि तिसरं कॅल्क्युलेटेड फील्ड रूपांतर करेल. 'सगळ्यांनी मिलिग्रॅममध्ये भरा' अशी टीप लेबलखाली टाकून भागत नाही. टिपा कुणी वाचत नाही.

किमान-कमाल मर्यादेबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला असतो. ०.२ ते १५ अशी मर्यादा घातली की ९७ कुणाला टाकताच येणार नाही, असं लोक धरून चालतात. रेडकॅपची मर्यादा मऊ आहे. ती 'हा आकडा सुचवलेल्या पट्ट्याबाहेर आहे' असं सांगते आणि ओके दाबलं की सेव्ह होऊ देते. कडक अडवणूक फक्त प्रकाराची होते: अंकाच्या फील्डमध्ये अक्षरं, तारखेच्या फील्डमध्ये अपुरी तारीख चालत नाही. वैद्यकीयदृष्ट्या हे शहाणपणाचंच आहे (क्रिएटिनिन १८ असलेला रुग्ण खरंच येतो), पण मग बाहेरचे आकडे दर आठवड्याला बघायचं काम कुणाच्या तरी नावावर हवं. डेटा क्वालिटी मॉड्यूलमध्ये त्यासाठी तयार नियम आहेत. ते चालवण्याची तारीख मात्र कॅलेंडरमध्ये नसते.

आता कोडांची गोष्ट, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण रेडकॅपमध्ये कायमचं नुकसान होतं ते बहुतेक इथेच. ड्रॉपडाउनमध्ये १ म्हणजे 'कधीच धूम्रपान नाही', २ म्हणजे 'पूर्वी', ३ म्हणजे 'सध्या'. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं की तंबाखू चघळणाऱ्यांचा पर्याय मध्ये घाला. नवा पर्याय ३ होतो आणि 'सध्या' ४ वर सरकतं. डेटाबेसमध्ये पर्यायाचे शब्द साठवलेले नसतात, फक्त अंक असतो. त्यामुळे आधीचे सगळे धूम्रपान करणारे एका क्षणात तंबाखू चघळणारे होतात. ना एरर, ना घंटा. प्रोजेक्ट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या कामाच्या स्थितीत, नेलेला असेल तर बदल आधी ड्राफ्टमध्ये जातात आणि पाठवताना रेडकॅप 'लेबल जुळत नाही', 'डेटा जाऊ शकतो' असे इशारे देतं. डेव्हलपमेंट म्हणजे चाचणीच्या स्थितीतच खरे रुग्ण भरत बसलेल्या गटाला ही जाळीच मिळत नाही, आणि असे गट थोडेथोडके नसतात. नियम साधा आहे: नवा पर्याय यादीत कुठेही दिसू दे, त्याचा कोड शेवटचा न वापरलेला. आणि प्रॉडक्शनमध्ये जाताना आधीची नोंद ठेवायची की पुसायची असं विचारतात, तिथे विचार करून उत्तर द्या. 'टेस्ट पेशंट १' नावाचे सहभागी शेवटच्या विश्लेषणापर्यंत पोहोचतात ते याच खिडकीतून.

चेकबॉक्सबद्दल आमचं मत टोकाचं आहे: सहव्याधींच्या यादीसाठी वापरू नका. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, लागू असेल त्यावर टिक करा, हे डॉक्टरला सोयीचं वाटतं. एक्सपोर्टमध्ये प्रत्येक पर्यायाचा वेगळा कॉलम होतो, त्यात टिक असेल तर १, नसेल तर ०. आता ० म्हणजे 'दमा नाही' की 'विचारलंच नाही'? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्याऐवजी हो-नाहीच्या प्रश्नांचं मॅट्रिक्स करा. दिसायला तितकंच आटोपशीर, आणि रिकामं उत्तर रिकामंच राहतं.

'माहीत नाही'साठी ९९ टाकायची जुनी सवयही इथे सोडावी. वयाच्या कॉलममध्ये ९९ म्हणजे नव्व्याण्णव वर्षांचा माणूस. रेडकॅपमध्ये मिसिंग डेटा कोडची सोय आहे, ती प्रोजेक्टच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये दडलेली असते. चालू केली की अंकाच्या फील्डमध्येही ठरवलेला कोड बसतो. फक्त स्टॅटिस्टिशियनला आधी कळवा. अंकांच्या कॉलममध्ये अक्षरी कोड आला की त्याचं सॉफ्टवेअर अख्खा कॉलम मजकूर समजून वाचतं.

लॅबशी जोडणीचा भाग बघू. समजा रक्तातल्या एखाद्या प्रथिनाचं मोजमाप करायचं आहे आणि रक्त काढल्यापासून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवेपर्यंत साठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर नमुना बाद. रक्त काढल्याची वेळ नर्स भरते, फिरवल्याची वेळ टेक्निशियन. मधलं अंतर रेडकॅपने काढावं म्हणून डेटडिफ हे फंक्शन. त्यात दोन खड्डे आहेत. एक, एककाचं अक्षर: लहान लिपीतलं एम म्हणजे मिनिटं, मोठ्या लिपीतलं एम म्हणजे महिने. चुकून मोठं पडलं तर प्रत्येक नमुन्याचं अंतर शून्याच्या आसपास येतं आणि सगळे नमुने पास. दुसरा जास्त कपटी. हे फंक्शन आपणहून चिन्हाविना उत्तर देतं. टेक्निशियनने १०:४० ऐवजी ०९:४० लिहिलं आणि रक्त काढलं १०:१५ ला, तर अंतर उणे ३५ यायला हवं; येतं ३५, म्हणजे उत्तम नमुना! शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये ट्रू लिहिलं की चिन्ह टिकतं आणि उणे आकडा लगेच डोळ्यात भरतो.

कॅल्क्युलेटेड फील्डचं आणखी एक. सूत्र दुरुस्त केलं म्हणून जुन्या नोंदी दुरुस्त होत नाहीत. ती नोंद पुन्हा सेव्ह व्हावी लागते, नाहीतर डेटा क्वालिटीमधला एच नियम चालवून सगळ्या एकदम सुधाराव्या लागतात. आणि वय काढताना 'टुडे' वापरू नका. दर सेव्हला वय वाढत जातं. भेटीची तारीख वापरा.

नमुन्यांच्या अ‍ॅलिकॉटसाठी (एका नमुन्याच्या छोट्या कुप्यांसाठी) रिपीटिंग इन्स्ट्रुमेंट, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येणारा फॉर्म, छान चालतं, एका भेटीत चार कुपी असोत की सात. पण त्याची किंमत एक्सपोर्टच्या दिवशी मोजावी लागते. समजा २०० सहभागी, प्रत्येकी ३ भेटी, दर भेटीला ४ कुप्या. स्टॅटिस्टिशियनला २०० ओळींची अपेक्षा असते, फार तर ६००. फाइलमध्ये निघतात ३,०००: दर माणशी भेटीच्या तीन आणि कुप्यांच्या बारा. वय आणि लिंग फक्त पहिल्या भेटीच्या ओळीत, बाकी चौदा ओळींत रिकामी जागा. कुप्यांच्या ओळी वयाने गाळायला गेलात तर एकही उरत नाही. हे बिघडलेलं नाही, रचनाच अशी आहे. भेटीचं नाव, फॉर्मचं नाव आणि कितव्यांदा भरला हे तीन जादा कॉलम त्यासाठीच येतात. त्यांच्या आधारे फाइल आधी तुकड्यांत फोडायची, मग रेकॉर्ड आयडीवर जोडायची. आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांमध्ये हे काही ओळींचं काम आहे. एक्सेलमध्ये हाताने करायला बसणाऱ्याची दया येते. भरती सुरू होण्याआधी पाच खोटे रुग्ण भरून एक्सपोर्ट स्टॅटिस्टिशियनला पाठवा. त्याचा चेहरा बघून फॉर्म बदलायचा की नाही ते ठरेल.

हक्कांच्या बाबतीत रेडकॅप बारकाईचं आहे, आणि म्हणूनच चुका होतात. अनेक केंद्रांच्या अभ्यासात डेटा अ‍ॅक्सेस ग्रुप करून प्रत्येक केंद्राला फक्त आपले रुग्ण दाखवता येतात. खुबी अशी की ज्याला कुठल्याच ग्रुपमध्ये टाकलेलं नाही त्याला काहीच दिसत नाही असं नाही, त्याला सगळंच दिसतं. नवा कोऑर्डिनेटर आला, घाईत खातं उघडून दिलं, ग्रुप नेमायचा राहिला, आणि परक्या केंद्रांचे रुग्ण नावानिशी त्याच्या स्क्रीनवर. नव्या माणसाला आधी ग्रुप, मग बाकीचे हक्क, हा क्रम लिहूनच ठेवावा.

एक्सपोर्टच्या हक्काच्या पायऱ्याही अशाच फसव्या. 'आयडेंटिफायर फील्ड काढून टाका' ही पायरी फक्त ज्या फील्डवर खूण केली तीच काढते. डॉक्टरने शेऱ्यात 'रुग्णाच्या मुलाशी फोनवर बोललो' असं लिहून खाली नंबर दिला असेल तर तो जातो. 'डी-आयडेंटिफाइड' ही वरची पायरी मोकळा मजकूर आणि तारखाही काढते. बाहेरच्या सहकाऱ्याला हीच द्यावी. तारखा काढायच्या नसतील तर सरकवायची सोय आहे: प्रत्येक नोंदीच्या तारखा ० ते ३६४ दिवसांनी सरकतात, पण एका नोंदीपुरत्या सारख्याच, म्हणून दोन भेटींमधलं अंतर शाबूत राहतं. ऋतूनुसार येणाऱ्या आजाराचा अभ्यास असेल तर मात्र ही सोय घातक. पावसाळा हिवाळ्यात जातो. आई आणि बाळ अशा दोन वेगळ्या नोंदी असतील तर त्यांच्या तारखा एकमेकांशी जुळणंही संपलं.

रँडमायझेशन (सहभागींना यादृच्छिकपणे गटांत वाटणारं) मॉड्यूल यादी वाटतं, यादी बनवत नाही. कोणाला कोणता गट हा तक्ता स्टॅटिस्टिशियनने बाहेर बनवून चढवायचा; डेव्हलपमेंटचा वेगळा, प्रॉडक्शनचा वेगळा. प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर त्याला हात लावता येत नाही, फक्त खाली जोडता येतं, तेही अ‍ॅडमिनकडून. रँडमाइझचं बटण दाबलं की स्तर ठरवणारी फील्डही (वयोगट, केंद्र वगैरे) कुलूपबंद होतात, म्हणून त्याआधी 'वयोगट तपासला का?' असा एक हो-नाहीचा प्रश्न टाकावा. आणि अभ्यास ब्लाइंड (कुणाचा कोणता गट ते झाकलेला) असेल तर निव्वळ गटाचं फील्ड लपवून भागत नाही. रँडमायझेशनचा डॅशबोर्ड, लॉगिंग आणि एक्सपोर्ट या तीन दारांनीही गट कळतो. मूल्यमापन करणाऱ्याची ही तिन्ही दारं बंद आहेत का ते बघा.

लॉगिंगला मात्र पूर्ण गुण. कोणी, कधी, कोणत्या नोंदीत काय बदललं ते सगळं राहतं, आणि फील्डशेजारच्या छोट्या चिन्हावर त्या एका आकड्याचा इतिहास उघडतो. दोघे एकाच वेळी एकाच नोंदीचा तोच फॉर्म उघडायला गेले तर दुसऱ्याला अडवतं. शंका-समाधानासाठी डेटा रिझोल्यूशन वर्कफ्लो आहे: मॉनिटर (नोंदी तपासणारा माणूस) क्वेरी उघडतो, केंद्र उत्तर देतं, मॉनिटर बंद करतो. ईमेलच्या ढिगापेक्षा शंभर पटीने बरं, पण ते चालू करावं लागतं, आणि 'उत्तर दिलं' म्हणजे 'आकडा दुरुस्त झाला' असं नव्हे, हे नव्या लोकांना समजावून सांगावं लागतं.

कशासाठी नाही तेही सांगायला हवं. ही लॅबची लिम्स, म्हणजे नमुने सांभाळणारी, प्रणाली नव्हे. फ्रीजरचा कोणता कप्पा, कुपी कितीदा वितळवली, हे रिपीटिंग फॉर्ममध्ये कोंबता येतं, पण शेपाचशे कुप्यांच्या पुढे त्रास सुरू होतो. सिक्वेन्सिंगच्या फाइल, एमआरआयच्या प्रतिमा इथे चढवू नका. त्या त्यांच्या जागी ठेवा आणि रेडकॅपमध्ये फक्त नमुन्याचा क्रमांक, जो एपीआयने (दोन प्रोग्रामांनी परस्पर बोलायच्या सोयीने) दोन्हीकडून जुळवता येईल. एपीआयचा टोकन (गुप्त किल्ली) म्हणजे ज्याच्या नावाने तो काढला त्या माणसाचे त्या प्रोजेक्टमधले हक्क. तो स्क्रिप्टमध्ये लिहून सामायिक फोल्डरमध्ये ठेवणं म्हणजे पासवर्ड दारावर चिकटवणं. आणि एक्सपोर्ट केलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडू नका, इम्पोर्ट करा. एक्सेल पुढची शून्यं खातं, तारखा फिरवतं. जनुकांची नावं तारखा समजून बदलण्याची त्याची खोड इतकी त्रासदायक ठरली की जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये सेप्ट आणि मार्च या घराण्यांची नावंच बदलून सेप्टिन आणि मार्च-एफ केली. तेव्हा सॉफ्टवेअर बदललं नाही, जीवशास्त्र बदललं!

सर्व्हे, ऑफलाइन मोबाइल अ‍ॅप, सहभागींसाठीचं मायकॅप हे अ‍ॅप, इलेक्ट्रॉनिक संमती हे सगळं आहे आणि नेहमीच्या कामाला पुरतं. औषधनियामकाकडे सादर होणाऱ्या चाचणीसाठी मात्र 'रेडकॅप पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा अमेरिकी नियम) पाळतं' या वाक्यावर विसंबू नका. ते पाळण्याची क्षमता त्यात आहे, पण प्रणाली तपासून प्रमाणित करण्याचं (व्हॅलिडेशनचं) काम संस्थेने केलेलं असावं लागतं. कागद मागा.

दोन विभागांतला, काहीशे रुग्णांचा, लॅबचे नमुने जोडलेला अभ्यास असेल आणि संस्थेत चांगला अ‍ॅडमिन असेल, तर याला तोड नाही. एका माणसाचा, पन्नास केस-पेपरांचा अभ्यास असेल तरी एक्सेलऐवजी हेच, निव्वळ लॉगसाठी. पण डिक्शनरी एकट्या पीजी विद्यार्थ्याने रात्री बसून बनवली असेल तर रेडकॅप तीच गफलत जास्त नीटनेटकी साठवेल, इतकंच.

शेवटी प्रोजेक्ट बंद करण्याबद्दल. विश्लेषण चालू असेल तर 'अ‍ॅनालिसिस/क्लीनअप' स्थितीत न्या आणि डेटा भरणं थांबवा. 'कम्प्लीटेड' केलंत तर तुमच्या यादीतून प्रोजेक्ट नाहीसा होतो आणि परत उघडायला अ‍ॅडमिन लागतो. ते बटण दाबण्याआधी चार गोष्टी उतरवून घ्या: डेटासकट प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल, त्या दिवशीची डेटा डिक्शनरी, संपूर्ण लॉग, आणि अपलोड केलेल्या संमतिपत्रांची झिप. ही झिप डेटाच्या सीएसव्हीसोबत येत नाही, वेगळी मागावी लागते.